पहिली दहा मिनिटे

आमच्या वसईच्या बागायती मुलखात माणसाची पारख त्याच्या अंगमेहनतीवरून होत आली आहे. पहाटे उठून वाफ्यांना पाणी देणारा, केळीचे लोंगर खांद्यावर टाकून ताठ चालणारा, भाजीची टोपली डोक्यावर घेऊन स्थानकाची वाट तुडवणारी, अशा माणसांच्या घामावर आमची गावे उभी राहिली, मुले शिकली आणि पुढे नोकरीचाकरीला लागली. त्यामुळे ‘कष्टाळू’ ही आमच्याकडे मोठी पदवी आणि ‘अंगचोर’ ही मोठी शिवी. ही शिवी मी वयाच्या आठव्या वर्षापासून चाळिशीपर्यंत ऐकली. ती ज्या कारणाने माझ्या वाट्याला आली ते कारण स्नायूंच्या एका दुर्मीळ दोषात दडले होते. त्या दोषाविषयी, आणि ज्या श्रमाने मला आडवे केले त्याच श्रमाने मोजूनमापून घेतल्यावर मला पुन्हा उभे कसे केले, याविषयी चार गोष्टी सांगाव्यात म्हणून हा लेखनप्रपंच.

माझा जन्म १९६५ सालचा. चार भावंडांत मी दुसरा. अंगाने धडधाकट, जेवण उत्तम, ताप-खोकला क्वचित. तरीही बावखलातून दोन कळशा पाणी घरी आणताना निम्म्या वाटेत माझे हात दगडासारखे घट्ट होत आणि बोटे उलगडत नसत. जिना भरभर चढलो की मांड्यांत आग होई. चामट मांसाचा तुकडा चावतानाही जबडा धरून येई. वडील कष्टाळू, आणि स्वभावाने अबोल. ते रागावत नसत. माझ्या हातातली कळशी निमूटपणे स्वतः घेत. त्या निमूटपणाचाच मला अधिक त्रास होई.

परंतु खरा घोळ वेगळाच होता. शाळेत कवायतीच्या तासाला मैदानाच्या चार फेऱ्या माराव्या लागत. पहिल्या फेरीत मी सर्वांच्या मागे, कमरेवर हात ठेवून धापा टाकत असे. गुरुजी ओरडत. मी चालत चालत दुसरी फेरी कशीबशी पुरी करी आणि मग काहीतरी घडे. पायांतला ताण सैल पडे, छातीतली धडधड उतरे, आणि शेवटच्या फेरीत मी इतर मुलांच्या बरोबरीने चालू लागे. निर्मळच्या जत्रेला आम्ही मुले पायी जात असू तेव्हाही तेच. घरापासून पहिल्या वळणापर्यंत मी रडवेला, आणि निर्मळ जवळ येईतो सर्वांत पुढे. यावर लोकांनी काढलेला निष्कर्ष सरळ होता : ‘मघाशी याला चालवत नव्हते, आणि आता बघा! ढोंगी आहे कार्टे.’ म्हणजे सुरुवातीचा त्रास हा आळस ठरला आणि नंतरची उमेद हा लबाडीचा पुरावा ठरला. स्वतःच्या बाजूने सांगण्यासारखे माझ्याजवळ काहीच नव्हते. माझ्या शरीरात काय चालले आहे हे मलाच ठाऊक नव्हते.

१९९८ साली वडील वारले. घरापासून दफनभूमी जेमतेम दीड किलोमीटर. मुलांनी खांदा द्यायचा ही रीत. शवपेटी उचलल्यावर पंचवीस-तीस पावले टाकली असतील, तोच माझा खांदा आणि दंड असे आवळले की पेटी एका बाजूला कलू लागली. शेजारच्या काकांनी पुढे होऊन चटकन माझी जागा घेतली. कोणी काही बोलले नाही. परंतु अंत्ययात्रेतील नजरा मला आजही आठवतात.

निदान झाले ते एका आपत्तीमुळे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईवर जो पाऊस कोसळला तो कोणी विसरलेले नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. मी तेव्हा अंधेरीला एका बँकेत नोकरीला होतो. लोकल बंद पडल्या. आम्ही काही सहकारी मांडीइतक्या पाण्यातून उत्तरेच्या दिशेने निघालो. वाटेत एक वृद्ध गृहस्थ पाण्यात अडकलेले दिसले. तिघांनी मिळून त्यांना उचलून उंचवट्यावर नेले. रात्र एका शाळेच्या इमारतीत काढली. सकाळी मला पाय वाकवता येईनात, आणि लघवी झाली ती कोऱ्या, काळ्या चहाच्या रंगाची.

इस्पितळात प्रथम लेप्टोस्पायरोसिसचा संशय घेतला गेला, आणि तो रास्तच होता. त्या पुरानंतर मुंबईत त्या रोगाची साथ पसरली होती, आणि स्नायूंत वेदना व मूत्रपिंडावर आघात ही त्याचीही लक्षणे आहेत. परंतु रक्तातील क्रिएटिन कायनेज या द्रव्याचे प्रमाण पाहून डॉक्टर चक्रावले. निरोगी माणसात ते साधारणपणे दोनशेच्या आत असते. माझ्यात ते लाखाच्या पुढे गेले होते. स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतील द्रव्ये रक्तात उतरली होती आणि ती गाळताना मूत्रपिंडे थकली होती. चार वेळा डायलिसिस करावे लागले. तीन आठवड्यांनी घरी आलो. पुढे चार महिन्यांनी तपासले तरी ते द्रव्य दोन हजारांच्या खाली येईना, तेव्हा एका मज्जाविकारतज्ज्ञांनी मला मूठ आवळण्याचा व्यायाम करायला लावून रक्त तपासले. अशा व्यायामाने प्रत्येकाच्या रक्तात लॅक्टेट वाढते; माझ्या रक्तात ते वाढलेच नाही. मग मांडीच्या स्नायूचा छोटा तुकडा काढून तपासला गेला आणि चाळिसाव्या वर्षी माझ्या ‘आळसा’ला नाव मिळाले : मॅकार्डल रोग.

ब्रायन मॅकार्डल हे लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधील डॉक्टर. लहानपणापासून श्रमाने वेदना होणाऱ्या एका तीस वर्षांच्या पुरुषाची तपासणी करून त्यांनी १९५१ साली या विकाराचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. व्यायाम करूनही त्या रुग्णाच्या रक्तात लॅक्टेट वाढत नाही, हे त्यांनीच हेरले. नेमके काय नाही हे १९५९ साली अमेरिकेतील दोन संशोधक गटांनी दाखवून दिले. स्नायूंमध्ये ग्लायकोजेन या रूपात साखरेचा साठा असतो, आणि तो मोडून वापरात आणण्यासाठी फॉस्फोरिलेज नावाचे विकर लागते. माझ्या स्नायूंत ते विकर नाही. आपल्या घरगुती भाषेत सांगायचे तर कणगी भाताने काठोकाठ भरलेली आहे, पण तिच्या तोंडाला कुलूप आहे आणि किल्ली जन्मापासूनच हरवलेली आहे.

हे विकर कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याच्या संशोधनातून प्रकाशात आले. त्या कार्यासाठी त्यांना १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वैद्यकशास्त्रातील नोबेल मिळवणारी गर्टी ही जगातली पहिली स्त्री. पारितोषिकाच्या त्याच सुमारास डोंगर चढताना तिला स्वतःच्या असाध्य आजाराची चाहूल लागली. तरीही पुढची दहा वर्षे, १९५७ साली मृत्यू येईपर्यंत, ती प्रयोगशाळेत काम करीत राहिली. तिचा आजार वेगळा, माझा वेगळा. परंतु माझ्यात जे नाही ते जिने जगाला दाखवले, तिला चढणीवरच शरीराने अडवावे, हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

आता माझ्या ‘ढोंगा’चे कोडे उलगडते. श्रमाच्या पहिल्या काही सेकंदांसाठी स्नायूंत वेगळी शिल्लक असते. ती संपल्यावर निरोगी माणूस कणगीतला भात काढतो. मला तो काढता येत नाही. बाहेरून रसद येईपर्यंत मला थांबावे लागते. ही रसद म्हणजे रक्तातून येणारी साखर आणि चरबीची आम्ले. यकृतातील फॉस्फोरिलेज वेगळ्या प्रकारचे असते व ते माझ्यात शाबूत आहे, म्हणून यकृत साखर पुरवू शकते. मात्र रक्ताचा ओघ वाढून ही रसद पुरेशी पोहोचायला आठ-दहा मिनिटे लागतात. तोवर हृदय जिवाच्या आकांताने धावते, स्नायू दुखतात. रसद आली की वेदना ओसरते, नाडी उतरते आणि माणूस चालू लागतो. पिअर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली या घटनेला जे इंग्रजी नाव दिले त्याला मराठीत ‘दुसरा दम’ म्हणता येईल. शाळेच्या मैदानावर तिसऱ्या फेरीत मला लाभत असे तो हाच. आणि पुराच्या पाण्यात तो का लाभला नाही, तेही समजले. मांडीभर पाणी कापत चालणे आणि माणूस उचलणे हे श्रम इतके जड होते की बाहेरच्या रसदीने ते भागणे शक्यच नव्हते.

निदानानंतर मला सांगण्यात आले : विश्रांती घ्या, जिने टाळा, ओझे उचलू नका. वैद्यकात बराच काळ हीच समजूत होती, आणि मूत्रपिंडांची ती अवस्था पाहता हा सल्ला घरच्यांनाही पटला. दोन वर्षे मी खुर्ची, रिक्षा आणि पलंग यांच्या आधाराने जगलो. पत्नी पाण्याचा तांब्यादेखील हातात आणून देई. वजन अकरा किलोंनी वाढले, मांड्या बारीक झाल्या. पूर्वी दोनशे पावलांनंतर दुखे ते आता साठ पावलांत दुखू लागले. नोकरी सोडण्याचा अर्ज लिहून मी खिशात ठेवला होता. मुलगी तेव्हा सातवीत, मुलगा चौथीत. रात्री झोप लागत नसे.

२००७ साली तपासणीला गेलो असता त्याच मज्जाविकारतज्ज्ञांनी एका नव्या अभ्यासाची माहिती दिली. अमेरिकेतील डॅलस येथे डॉ. हॅलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅकार्डल रोगाच्या आठ रुग्णांना चौदा आठवडे स्थिर सायकल चालवायला लावली होती. आठवड्यातून चार दिवस, दर वेळी तीस ते चाळीस मिनिटे, नाडीच्या कमाल गतीच्या साठ ते सत्तर टक्के इतक्याच वेगाने. २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रुग्णांची काम करण्याची क्षमता सरासरी ३६ टक्क्यांनी वाढली, हृदयाची रक्त फेकण्याची क्षमता १५ टक्क्यांनी, आणि स्नायूंतील ज्या विकरांच्या बळावर प्राणवायूचा उपयोग होतो त्यांपैकी एक तर ८० टक्क्यांनी. महत्त्वाचे म्हणजे कोणालाही पेटके आले नाहीत, क्रिएटिन कायनेज वाढले नाही. कुलूप उघडले नव्हते. पण बाहेरची रसद आणणारा रस्ता रुंद झाला होता. विश्रांतीने माझ्यात हाच रस्ता अरुंद केला होता.

डॉक्टरांनी मला एका तरुण फिजिओथेरपिस्टकडे सोपवले. वयाने माझ्या पुतणीएवढी. पहिल्याच दिवशी तिने विचारले, “अंकल, मला सांगा, तुम्हाला घाई कसली आहे?” मी म्हणालो, “घाई कसली, मला तर चालताच येत नाही.” ती म्हणाली, “येत नाही, कारण तुम्ही लोकांच्या चालीने सुरुवात करता. आजपासून पहिली दहा मिनिटे कासवाच्या चालीने. दुखू लागले की आणखी हळू. तरीही दुखले की उभे राहायचे, थांबल्याची लाज बाळगायची नाही. अकराव्या मिनिटाला मला सांगा कसे वाटते ते.”

मनगटावर बोटे ठेवून नाडी मोजायला तिने शिकवले. पहिल्या आठवड्यातील नोंदी माझ्या वहीत आहेत. त्याच मंद चालीत सहाव्या मिनिटाला नाडी १३८, आणि अकराव्या मिनिटाला ११२. एकच रस्ता, एकच वेग, तोच माणूस. ज्या गोष्टीसाठी मला ढोंगी म्हटले गेले ती आकड्यांत समोर दिसत होती. मी ती वही घरी आणून आईला दाखवली. आईला आकडे फारसे कळत नसत, पण तिने ते पान दोनदा हात फिरवून पाहिले आणि म्हणाली, “तुझ्या बाबांना हे दाखवायला हवे होते.”

नेम ठरला तो असा : आठवड्यातून चार दिवस सपाट रस्त्यावर चालणे किंवा स्थिर सायकल, आरंभीची दहा मिनिटे अगदी सौम्य, त्यानंतर वीस मिनिटे नाडी ११० ते १२० च्या दरम्यान राहील असा वेग. उपाशीपोटी नाही, ताप असताना नाही. मूठ आवळून धरणे, गाडी ढकलणे, उकिडवे बसून राहणे, हातात पिशव्या लोंबकळत नेणे, म्हणजे स्नायू ताणून धरून ठेवावे लागणारे कोणतेही काम, वर्ज्य. कारण आवळलेल्या स्नायूत रक्ताचा ओघच अडतो आणि रसद पोहोचत नाही. बारा मिनिटांत किती अंतर जाते हे मोजणे हीच आमची परीक्षा. पहिल्या दिवशी ६४० मीटर झाले, सहा महिन्यांनी ८३० मीटर. राजीनाम्याचा अर्ज खिशातून फाईलमध्ये गेला आणि तिथेच राहिला. वसई रोड स्थानकावर मी गाडीच्या वेळेआधी पंधरा मिनिटे पोहोचू लागलो. आधी फलाटाच्या लांबीवर संथ येरझारा, मग पूल, तोही चार पायऱ्या चढून क्षणभर थांबत. धावत येऊन गाडी पकडणारे ओळखीचे लोक विचारत, “काय हो, सकाळी सकाळी फेरफटका?” मी हसून मान डोलावी.

साखरेविषयीही लिहिले पाहिजे. डेन्मार्कचे डॉ. व्हिसिंग आणि डॉ. हॅलर यांनी २००३ साली दाखवले की व्यायामापूर्वी साखरेचे पाणी घेतल्यास या रोगाच्या रुग्णांना पहिली कठीण मिनिटे बरीच सुसह्य होतात, कारण रसद आधीच रक्तात तयार असते. मला तो अनुभव आहे. परंतु रोज असे केल्यास वजन वाढते, म्हणून मी तो उपाय क्वचितच वापरतो. आणि हा उपाय ऐकीव माहितीवर कोणी करू नये. स्नायूंच्या चयापचयाचे विकार अनेक आहेत. जपानमधील डॉ. तारुई यांनी १९६५ साली वर्णन केलेल्या विकारात अडथळा पुढच्या पायरीवर असतो. तिथे साखर घेतल्याने श्रमशक्ती उलट घटते. काही विकारांत चरबी जाळण्याची यंत्रणाच अधू असते. त्यांना पहिली मिनिटे सोपी जातात आणि दीर्घ किंवा उपाशीपोटी केलेला व्यायाम घातक ठरतो. म्हणून आधी अचूक निदान, मग व्यायाम, हाच क्रम. अभ्यास पुढे सरकत आहे. स्पेनमधील डॉक्टरांनी २०१४ साली देखरेखीखाली हलक्या वजनांचा व्यायामही काही रुग्णांना मानवतो असे दाखवले, आणि २०२१ साली अनेक देशांतील तज्ज्ञांनी मिळून मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. त्यांतही नियमित, सौम्य व्यायामाला महत्त्वाचे स्थान आहे. रोग मुळातून बरा करणारे औषध मात्र अजून नाही.

आई २०१३ साली गेली. त्या दिवशी दुपारी अंत्ययात्रा निघण्यापूर्वी मी आवारात आंब्याच्या झाडाखाली एकटाच दहा मिनिटे हळूहळू येरझारा घालत होतो. काही पाहुण्यांना ते विचित्र वाटले असेल. खांदा दिला नाही. भाच्याने आणि माझ्या मुलाने दिला. ओझे धरणे माझ्या स्नायूंना तेव्हाही झेपण्यासारखे नव्हते, आजही नाही. परंतु घरापासून दफनभूमीपर्यंतचा दीड किलोमीटर मी आईच्या पेटीच्या लगत, एकदाही न थांबता चाललो. पंधरा वर्षांपूर्वी ज्या काकांनी माझी जागा घेतली होती ते आता काठी टेकत माझ्या मागून येत होते. परतताना त्यांनी माझा हात धरला आणि माझ्याबरोबर फाटकापर्यंत आले.

हा दोष आईवडील दोघांकडून एकेक सदोष जनुक आल्यासच प्रकट होतो. ते दोघे स्वतः निरोगी असतात. आमच्या आईवडिलांसारख्या जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता चारांत एक. माझे निदान झाल्यावर सर्व भावंडांची तपासणी झाली आणि धाकट्या बहिणीतही तोच दोष निघाला. तिच्या सासरी ती ‘नाजूक’ म्हणून ओळखली जाई. मुलगे अंगचोर ठरतात, मुली नाजूक ठरतात; दोन्ही शब्दांच्या आड निदान हरवते. आता आम्ही दोघे सणासुदीला एकत्र जमलो की जेवणाआधी फिरायला निघतो, आणि पहिल्या दहा मिनिटांत आमच्या शेजारून गावातली वृद्ध मंडळीही पुढे निघून जातात.

वाचकांपैकी जे शिक्षक आहेत, पालक आहेत, त्यांना विनंती करून थांबतो. एखादे मूल खेळाच्या आरंभीच धापा टाकत असेल, हातपाय आखडल्याची तक्रार करीत असेल, आणि थोड्या वेळाने तेच मूल मोकळेपणाने चालू लागत असेल, तर त्याच्यावर ढोंगाचा आळ घेऊ नका. श्रमानंतर लघवी काळपट झाली तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. क्रिएटिन कायनेजची तपासणी साध्या रक्ताच्या नमुन्यावर, कोणत्याही बऱ्या प्रयोगशाळेत होते. आणि निदान झालेच, तर त्या मुलाला खाटेवर बसवून ठेवू नका. त्याच्या बरोबर चालायला निघा, त्याच्या चालीने. आणि पहिली दहा मिनिटे घड्याळ तुमच्या हातात ठेवा, म्हणजे घाई करण्याची पाळी त्याच्यावर येणार नाही.